पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं

आमच्या देवळात आता गाणी भिंतीवर येतात. आम्ही जुने मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणत आलो, तेव्हा मीही इथे तसंच लिहिणार. उपदेशपीठाच्या उजव्या हाताला पूर्वी एक लाकडी पाटी होती. तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे तीन क्रमांक लावलेले असायचे. आपण गीतपुस्तक उघडायचं, पान शोधायचं, आणि सगळ्यांना पान सापडेपर्यंत मी पेटीवर चालीची पहिली ओळ वाजवत राहायचे. एकतीस वर्षं मी हे केलं. टेलिफोन खात्यातली नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, सगळं सांभाळून रविवारी साडेआठला पेटीचं झाकण उघडलेलं असायचं. आता पाटीच्या जागी पांढरा पडदा आहे.

देऊळ पेठेत आणि घर बिबवेवाडीत. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही फ्लॅटमध्ये गेलो, तेव्हा सगळे म्हणाले, जवळचं एखादं देऊळ बघा, दर रविवारी एवढं लांब कोण येणार? आम्ही येत राहिलो. नवरा गेल्यालाही आता चार वर्षं झाली. मुलं परदेशात. मी बसने येते, दोन थांबे आधी उतरून चालत, कारण तेवढाच व्यायाम होतो असं डॉक्टर म्हणतात. मला तो गुडघ्यांचा छळ वाटतो.

बदल झाला तो नवे पाळक आल्यावर. आधीचे पाळकसाहेब निवृत्त होऊन नगरला गेले. नवे जेमतेम पस्तिशीचे, अतिशय नम्र. हीच खरी अडचण. भांडायला समोरचा माणूस जरा तरी उद्धट लागतो. त्यांनी देवळाचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या सभेत सांगितलं की मंडळीतली तरुण मुलं रविवारी आपल्याकडे येत नाहीत, कुठल्या कुठल्या हॉलमध्ये जातात, तिथे दिवे असतात, बँड असतो. हे खरं होतं. पंचांनी माना डोलावल्या. एका दुपारी दोघे पंच बुधवार पेठेत जाऊन स्पीकर, माइक आणि तो पडद्यावर अक्षरं टाकणारा प्रोजेक्टर घेऊन आले. ड्रमचा संच कुणीतरी अर्पण दिला. तो ठेवायला जागा हवी होती, म्हणून पेटी हलवली.

मला कुणी आधी सांगितलं नाही. मी नेहमीसारखी साडेआठला पोचले, तर माझ्या जागेवर ड्रम. पेटी बाजूच्या खोलीत, जिथे नाताळचा तारा आणि मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या सतरंज्या ठेवतात तिथे. पाळक लगबगीने आले.

"मावशी, इतकी वर्षं सेवा केलीत. आता जरा आराम करा."

"मी दमले असं मी कुणाला म्हटलं होतं का?" मी विचारलं.

ते हसले. मला वाटतं त्यांना ती गंमत वाटली.

त्या पहिल्या रविवारी समोर उभी राहिली ती माझीच एक विद्यार्थिनी. शब्बाथ शाळेत माझ्या वर्गात होती, आणि आठव्या वर्षी माझ्या घरी पेटी शिकायला यायला लागली. तीन वर्षं आली. हात चांगला होता. मग कीबोर्डचा क्लास लावला आणि मला टाटा केला. आता हिंजवडीला कंपनीत नोकरी करते. तिने गळ्यात गिटार अडकवली होती. "चला, सगळे उभे राहूया, हात वर करूया," ती माइकवरून म्हणाली. माझ्या गुडघ्यांना फार वेळ उभं राहवत नाही, आणि हात वर करते ती बसमधली दांडी धरायला. मी बसून राहिले. गाण्याची एकच ओळ सतरा वेळा झाली. मी मोजली. देव बहिरा नाही एवढं तरी मी त्या मुलीला वर्गात शिकवलं होतं, अशी माझी समजूत होती.

आता चिडून लिहिते आहे असं वाटेल, पण माझं खरं दुखणं त्या सतरा वेळांचं नव्हतं. आमच्याकडे बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. मी मधे, समोर, पेटीशी. तिथे बसून मला सगळे ऐकू यायचे. माझी एक जुनी मैत्रीण आहे, शाळेत कारकून होती, तिचा किनरा आवाज. मागच्या बाकावरचे एक आजोबा, जे नेहमी अर्धी मात्रा उशिरा पोचायचे. आणि माझा नवरा. तो बेसूर गायचा, पण मोठ्यांदा गायचा, आणि त्याला कधी त्याची लाज वाटली नाही. मला वाटायची. कोण आलं आहे, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी काही बिनसलं आहे, हे मला मान वर न करता कळायचं. त्या नव्या गोंगाटात मला माझाच आवाज ऐकू येईना. मी गाते आहे की नुसते ओठ हलवते आहे, तेही कळेना. मला फार एकटं वाटलं. घरी एकटी असते तेव्हासुद्धा असं वाटत नाही.

पुढच्या रविवारपासून मी गाणी संपेपर्यंत बाहेर बसायला लागले. आवारात नळापाशी एक सिमेंटचा बाक आहे. तिथे पंचवीस मिनिटं बसायचं आणि बायबलमधलं शास्त्रवाचन सुरू झालं की आत जायचं. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, बाहेर?" मी म्हणायचे, "आत जागा नाही, ड्रम बसलेत." हे वाक्य मी निदान दहा जणांना ऐकवलं असेल. मैत्रीण एकदा म्हणाली, "अगं, तू बाहेर बसून आमच्यापेक्षा जास्त ऐकतेस. स्पीकरचं तोंड तुझ्याकडेच आहे." तेही खरं होतं, पण माघार घ्यायची तर कशी?

मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक दिवस लिहिलं की ही उपासना आहे की ऑर्केस्ट्रा, आणि आपल्या जुन्या गीतांना कात्री लावून दोन-दोन ओळींवर आणण्याचा अधिकार या मुलांना कुणी दिला. सात जणांनी अंगठे दिले. दोघांनी हात जोडले. पुढच्या रविवारी बाहेरून पाहिलं तर त्या सातांतले चार जण आत टाळ्या वाजवत होते.

मग मी दाखला मागितला. एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जायचं तर आमच्याकडे पाळकांचं पत्र लागतं, त्याला दाखला म्हणतात. कॅम्पात एक देऊळ आहे, तिथे अजून जुन्या पद्धतीची उपासना होते. मी एका रविवारी जाऊन आले होते. पडदा नाही, ड्रम नाही, पाटीवर क्रमांक. ओळखीचं कुणी नव्हतं, पण गीतं ओळखीची होती. मी तीन ओळींचा अर्ज लिहिला. ज्या देवळात माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं आणि नवऱ्याला जिथून शेवटचं नेलं, ते देऊळ सोडायला तीन ओळी पुरल्या.

पाळकांनी अर्ज दोनदा वाचला. मला समजावलं नाही, बायबलमधलं वचनही काढलं नाही.

"पंचांपुढे ठेवतो," ते म्हणाले. "पण जायच्या आधी एक काम कराल का, मावशी? एका रविवारी एक जुनं गीत बसवून द्या. बँड नको. फक्त पेटी."

हा मला चुचकारायचा डाव आहे हे मी ओळखलं. तरी माझी कळी खुलली, हे कबूल करते. बसमध्ये बिबवेवाडीपर्यंत मी मांडीवर बोटं वाजवत आले.

मी सकाळच्या प्रार्थनेचं एक गीत निवडलं, आमच्या आजोबांच्या काळापासूनचं, सहा कडव्यांचं. मला ते पुस्तकाशिवाय येतं. आमच्या वयाच्या सगळ्यांनाच येतं. शनिवारी दुपारी ती मुलगी माझ्या घरी आली, पडद्यावर टाकायचे शब्द लॅपटॉपमध्ये घेऊन. बेकरीतली खारीही आणली होती. मी चहा टाकला आणि घरची पेटी काढली. दहा-बारा वर्षांनी ती त्या खोलीत बसत होती, आणि बसली ती नेमकी जुन्याच जागी, खिडकीकडे पाठ करून.

"टीचर, सहाही कडवी टाइप केलीत. एकदा नजर टाका," ती म्हणाली.

"सहा कशाला? पहिलं, दुसरं आणि शेवटचं."

"म्हणजे?"

म्हणजे काय, हे मला कधी सांगावं लागलं नव्हतं. आमच्याकडे पाळक गीताचा क्रमांक सांगतात आणि पुढे म्हणतात, "पहिले, दुसरे आणि शेवटचे कडवे." माझ्या लहानपणीही असंच म्हणायचे. तो गीताचाच एक भाग आहे अशी माझी समजूत झाली होती.

"मग मधली तीन?" तिने विचारलं.

"वेळ नसतो."

"पण ठरवलं कुणी?"

"असंच असतं ते."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे गंभीरपणे बघत राहिली आणि जरा घाबरतच म्हणाली, "टीचर, तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं ना, की आम्ही जुनी गीतं कापतो."

मी म्हटलं, "चहा घे. गार होतोय."

मग मी तिसरं कडवं वाजवायला घेतलं, तिला दाखवून द्यायला की त्यात काही अवघड नाही. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत अक्षरं जास्त होती. चाल संपली तरी शब्द शिल्लक राहिले. पुन्हा घेतलं, पुन्हा शिल्लक. तिसऱ्या वेळी मी शब्द कोंबले तर पुढची ओळ लंगडायला लागली. लहानपणापासून गात आलेलं गीत, एकतीस वर्षं पेटीवर वाजवलेलं, आणि त्याचं तिसरं कडवं मी जन्मात एकदाही गायले नव्हते. निम्मं गीत मला ठाऊकच नव्हतं. मी मान खाली घालून भाता दाबत बसले.

ती लॅपटॉप बाजूला ठेवून टेबलावर ताल धरायला लागली. दोन-चारदा स्वतःशी पुटपुटली. "टीचर, इथे थांबायचं नाही. हा शब्द पुढच्या समेवर टाकायचा. असं." तिने गाऊन दाखवलं. बरोबर बसलं. मी वाजवलं, ती गायली, मग दोघी गायलो. मी शिकवलेल्या मुलीने मला माझ्याच देवळाचं गीत शिकवलं, आणि शिकवताना ती इतकी खूश झाली होती की मला रागावताही येईना.

कडवं तसं काही थोर नव्हतं. आपल्या आधी उठून चूल पेटवणाऱ्या घरातल्या माणसासाठी देवाचे आभार मानलेले, आणि यमक जुळवताना कवीची दमछाक झालेली. कदाचित म्हणूनच कुणीतरी ते वगळलं असेल, किंवा खरंच वेळ नसेल.

निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "तुम्ही चाललात असं ऐकलं. आमच्या गाण्यांमुळे?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"मला वाटलं होतं, पेटी हलवली म्हणून. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, टीचर. मला समजत होतं. मी गप्प बसले."

"सांभाळून जा," मी म्हटलं. ती गेल्यावर कप विसळताना मात्र स्वतःला उत्तर द्यावं लागलं. गाणी मला आवडत नाहीत हे खरंच आहे. पण गाणी आवडली नाहीत तर माणूस कुरकुर करतो, दाखला मागत नाही. दाखला मी मागितला तो पेटीसाठी. मला समोर बसायचं होतं. परंपरा, उपासनेचं गांभीर्य, जुन्या गीतांचा वारसा, असे मोठमोठे शब्द मी त्या एका खुर्चीवर घालून ठेवले होते. मला स्वतःची लाज वाटली. पण अर्ज काही मी मागे घेतला नाही. एवढा गाजावाजा केल्यावर कुठल्या तोंडाने घेणार?

रविवारी पेटी बाहेर आली. ड्रमपुढे एक टेबल मांडलं, पेटीजवळ माइक. पाळकांनी नीट सांगितलं, "सहाही कडवी गाऊ या." ते कुणी ऐकलं नसावं. आमच्या लोकांना क्रमांक ऐकायची सवय, पुढचं गृहीत. मी भाता दाबला आणि पहिलं कडवं सुरू झालं. दुसरंही झकास झालं. जुने बाक पुस्तकाकडे बघत नव्हते की पडद्याकडे. डोळे मिटून गात होते.

मग तिसरं आलं. पडद्यावर तिसरं कडवं, आणि डोळे मिटलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदिलाने शेवटचं कडवं उचललं. तरुण मुलं पडद्यावर वाचून तिसरं गात होती. दोन्ही कडवी एकमेकांवर आदळली. आणि सगळ्यांत मोठ्यांदा, माइकमधून, शेवटचं कडवं कोण गात होतं? मी. आदल्या दिवशी तासभर ते तिसरं घोटलेली मी.

ती मुलगी माझ्याकडे बघून तीन बोटं दाखवत होती. मी हात थांबवला. गाणं विस्कटत विस्कटत बंद पडलं. बायकांच्या बाजूने माझ्या मैत्रिणीचं हसू फुटलं. ते बाकाबाकावरून पसरत गेलं. पुरुषांची बाजूही हसली. आमच्या देवळात गीत चालू असताना कुणी हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"चुकले," मी माइकवर म्हटलं. "तिसरं घ्या."

सगळ्या म्हाताऱ्यांनी चष्मे शोधले आणि पहिल्यांदाच नीट पडद्याकडे पाहिलं. माझा चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स बाकावर, म्हणून मी त्या मुलीच्या ओठांकडे बघून गायले. दुसऱ्या ओळीला म्हातारे अडखळले, तशी मुलांनी ती ओढून नेली. ड्रम नव्हते. मला सगळे ऐकू येत होते. त्या मुलांचे आवाज मी इतके महिने ऐकलेच नव्हते. ड्रम वाजवणारा पोरगा तर चांगलाच बेसूर होता. चौथं, पाचवं असं करत आम्ही सहाव्यावर पोचलो, तेव्हा उपासना वीस मिनिटं लांबली होती आणि कुणी घड्याळ बघितलं नव्हतं, निदान मी तरी बघितलं नव्हतं.

पेटी पुन्हा बाजूच्या खोलीत गेली. लोक आवारात चहा घेत होते, तेव्हा पाळकांनी मला ऑफिसात बोलावलं. पंचांनी अर्ज मंजूर केला होता. दाखला टाइप होऊन तयार होता. या भगिनींचे आचरण आमच्या मंडळीत साजेसे होते, आपल्या मंडळीत त्यांचा प्रेमाने स्वीकार व्हावा, असं काहीसं. वाचायला चांगलं वाटलं. माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं लिहिलेलं मी नोकरीत असतानाही वाचलं नव्हतं.

"एक नोंद करायची राहिली," ते म्हणाले आणि त्यांनी मंडळीचं जुनं रजिस्टर उघडलं. त्यात प्रत्येक कुटुंबाचं एक पान असतं. आमचं पान काढलं. माझ्या लग्नापासून ते मी पाहिलं नव्हतं. नाव, बाप्तिस्मा, विवाह, आणि शेवटचा रकाना, मंडळीतून गेल्याचं कारण. सासूबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, प्रभूमध्ये झोपी गेल्या. मुलाच्या नावापुढे, स्थलांतर. मुलीच्या, विवाह. नवऱ्याच्या नावापुढे जुन्या पाळकांच्या अक्षरात, प्रभूमध्ये झोपी गेले. त्याच्या खाली माझं नाव, आणि पुढे रिकामं.

पाळकांनी पेनाचं टोपण काढलं. "कारण काय लिहू, मावशी?"

लिहा की, गाणी. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण माझं बोट नवऱ्याच्या ओळीवर होतं, आणि त्याच्या खालच्याच ओळीत मला ते लिहायला सांगवेना. एवढे दिवस इतक्या जणांना मी कारणं ऐकवली होती, आणि आता त्या बोटभर रकान्यात मावेल असं एकही सापडेना. मला रडू आलं. त्या पोरसवद्या पाळकासमोर रडू आलं याचा रागही आला. त्यांनी मला धीर दिला नाही, प्रार्थना करू या असंही म्हटलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार. नुसते पेन धरून बसून राहिले.

"सुचलं की सांगते," मी शेवटी म्हणाले. "तोवर रिकामाच ठेवा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. गाणी तशीच आहेत आणि मला ती आवडत नाहीत. रविवारी मी आत बसते.